भिंतीतली मधली जागा

सिंगापूरमधला तो एक हंगाम मी माझ्या मुलीकडे पाठ करून काढला. पाठ करून म्हणजे रागावून नव्हे. रागावून पाठ फिरवायचं काम आमच्या घरात तिचं होतं, आणि अठराव्या वर्षी ते तिला उत्तम जमत होतं. मी पाठ करायचे ती खेळाच्या नियमाप्रमाणे. पुढे वाकायचं, पायांमधून चेंडू मागे तिच्या हातात द्यायचा आणि झटकन सरळ होऊन समोरून धावत येणाऱ्यांच्या वाटेत उभं राहायचं. ती मागून चेंडू लांब फेकायची. मला तिचे फक्त बूट दिसायचे, तेही उलटे.

खेळाचं नाव फ्लॅग फुटबॉल. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात त्या हाडं मोडणाऱ्या खेळाचा हा सभ्य धाकटा भाऊ. इथे कुणाला खाली पाडायचं नसतं. प्रत्येकाच्या कमरेला कापडी पट्ट्या लटकलेल्या असतात. चेंडू ज्याच्या हातात असेल त्याची पट्टी ओढली की डाव तिथेच थांबतो. चेंडू फेकणारी, म्हणजे क्वार्टरबॅक, ही आमची मुलगी. तिची पट्टी ओढायला समोरचे धावून येतात, आणि त्यांना अडवायला तिच्यापुढे तिघं उभे असतात. या तिघांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. नाव एवढं आक्रमक, काम मात्र सगळं अडवणुकीचं. पळायचं नाही, फेकायचं नाही, कुणाला हाताने धरायचं नाही, नुसतं अंगाने आड यायचं. हे काम मला जन्मजात येतं असं माझ्या नवऱ्याचं मत आहे.

आमचा कॉन्डो, म्हणजे फ्लॅटची सोसायटी, सेम्बावांगला. वरच्या मजल्यावर एक अमेरिकन जोडपं राहायचं. बायको नोकरीवर जायची आणि निवृत्त नवरा दिवसभर स्विमिंग पूलच्या कडेला बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारायचा. तिकडे शाळेत मुलांना हा खेळ शिकवण्यात या गृहस्थांचं आयुष्य गेलं होतं. एकदा त्यांनी लिफ्टमध्ये कागद चिकटवला. मोठ्यांची आणि मुलांची मिळून एक स्पर्धा दर रविवारी असते, आपल्या कॉन्डोचा संघ करू या, असं त्यावर लिहिलं होतं. महिन्याभरात सगळे त्यांना कोच म्हणायला लागले.

माझ्या मुलीने लगेच नाव दिलं. शाळेत ती नेटबॉल खेळायची, तिच्या हातात भलता जोर. ज्युनियर कॉलेज संपलं होतं आणि ऑगस्टमध्ये ती शिकायला परदेशी जाणार हे ठरलं होतं. मला वाटलं होतं, मधल्या मोकळ्या महिन्यांत आम्ही दोघी खूप वेळ एकत्र काढू, मी तिला आमटी-भात करायला शिकवीन, आम्ही पोटभर बोलू. प्रत्यक्षात तिच्या खोलीचं दार बंद, कानात इअरफोन, आणि मी काही विचारलं की सिंगापुरी शेपूट लावून उत्तर यायचं, "लेटर, लाह." पाया लेबारच्या ऑफिसात दिवसभर आकडे जुळवून मी घरी यायचे आणि त्या बंद दाराकडे बघत चहा प्यायचे.

म्हणून पुढे उभं राहायला तीन मोठी माणसं हवीत असं कोच म्हणाले, तेव्हा मी हात वर केला. फुटबॉलचं मला काडीचं प्रेम नव्हतं. मला तिच्याबरोबरची रविवारची सकाळ हवी होती. ती मागून फेकणार असेल तर मी तिच्यापुढे उभी राहीन, इतका साधा माझा विचार. त्यात आईपणाचा थोडा तोराही होता. ऑगस्टनंतर कोण उभं राहणार आहे तिच्यापुढे? तोवर तरी मी राहीन.

नवऱ्यालाही मी ओढलं. तो बँकेत आहे आणि रविवारी उशिरापर्यंत झोपणं हा त्याचा धर्म आहे. धर्म सोडून तो डाव्या बाजूला उभा राहिला. उजवीकडे आमची शेजारीण, चिनी सिंगापूरकर, नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. आठवडाभर लोकांचे गुडघे दुरुस्त करते, रविवारी दोन-चार बिघडवले तर बिघडलं कुठे, असं म्हणून ती आली. आणि मध्ये मी.

पहिल्या सामन्यात मी जे केलं ते त्या मैदानावर आधी कुणी केलं नसावं. पुण्यात कॉलेजात असताना मी कबड्डी खेळायचे. माझी जागा डावा कोपरा. चढाईवाली आत आली की खाली बसून तिचा घोटा धरायचा आणि धरला की जीव गेला तरी सोडायचा नाही, हे माझ्या हाडामासात मुरलेलं. कोचनी मला पुन्हापुन्हा बजावलं होतं की धरायचं नाही, आणि मीही पुन्हापुन्हा मान डोलावली होती. पण पहिल्याच डावात समोरचा एक उंच मुलगा माझ्या डाव्या अंगाने निसटायला लागला, आणि माझं चाळिशी ओलांडलेलं शरीर मला न विचारता खाली बसलं. पुढच्या क्षणी त्याचा घोटा माझ्या दोन्ही हातांत होता आणि तो गवतावर आडवा. मी उठले, हात वर केला आणि मैदानभर ऐकू जाईल असं ओरडले, "आऊट!"

पंचांनी शिट्टी वाजवून, नियम मोडल्याची खूण म्हणून, पिवळा रुमाल जमिनीवर टाकला. खाली पडलेला मुलगा घाबरून मला म्हणाला, "सॉरी, आंटी." मी वळून पाहिलं तर माझ्या मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलेलं. मेले, म्हटलं, लाज आणली मी पोरीला. जवळ जाऊन बघते तर हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "आई! यू कॉट हिज लेग! यू जस्ट कॉट हिज लेग, लाह!" कित्येक महिन्यांत ती माझ्याकडे बघून अशी हसली नव्हती. दंड म्हणून पंचांनी आमच्या संघाला मागे सरकवलं. कोच कपाळाला हात लावून उभे होते. मला मात्र तो दंड फार स्वस्तात पडला असं वाटलं.

पकड गेली, पण कबड्डीतलं बाकीचं कामी आलं. कबड्डीत बचाव करणाऱ्या हात धरून साखळी करतात. एकीने पाऊल उचललं की दुसरीच्या दंडाला ते कळतं. इथे हात धरायलाही बंदी. मग कॉन्डोच्या बार्बेक्यूच्या जागेजवळ, संध्याकाळी, मी नवऱ्याला आणि शेजारणीला बिनहातांची साखळी शिकवली. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, डोळे फसवतात. कमरेकडे बघायचं, कंबर जाईल तिकडेच माणूस जातो. आणि सतत बोलत राहायचं. तो आतल्या बाजूला वळला की "आत!", बाहेरून निघाला की "बाहेर!", दोघांनी सरकून वाट बंद करायची असली की "दाब!" शेजारणीला आयुष्यात एवढेच मराठी शब्द आले, पण ते तिने असे पक्के केले की लिफ्टमध्ये गर्दी झाली तरी ती माझ्या कानाशी हळूच "दाब!" म्हणायची.

समोरच्या संघांना कळेना की ही मंडळी काय ओरडतात. एकाने तर पंचांकडे तक्रार केली की यांची काहीतरी गुप्त खूण आहे. पंच मला विचारायला आले, कुठली भाषा ही? मी म्हटलं, घरची. त्यांनी खांदे उडवले आणि खेळ पुढे सुरू झाला.

आणि आम्ही जिंकत गेलो. एक रविवार, दुसरा रविवार, तिसरा. संघातली पोरं आमच्या तिघांच्या रांगेला ओल्ड फोक्स होम म्हणायची, पण प्रेमाने. सामना संपला की सगळे हॉकर सेंटरवर, म्हणजे खाऊगल्लीसारख्या जागी. घामेजलेल्या कपड्यांत दोन टेबलं जोडून बसायचं, पराठ्यासारखे गरम प्राटे, वाटीतली आमटी, तेह तारिक नावाचा फेसाळ चहा. मुलगी माझ्या शेजारी बसायची आणि माझ्या ताटातला कुरकुरीत तुकडा उचलून तोंडात टाकायची, लहानपणी टाकायची तसा. घरी येईपर्यंत तिचं तोंड बंद नसायचं. कोण कसं धावलं, कुणी झेल सोडला, त्या दाढीवाल्याची पट्टी कशी हातात आली. मी "हो का?" म्हणत राहायचे. इतकं सुख मला त्या शहरात क्वचितच मिळालं असेल. सोमवारी सकाळी माझा उजवा गुडघा कुरकुरायचा, पण ते मी कुणाला कळू द्यायचे नाही. स्वयंपाकघरात गोठवलेल्या मटारची पिशवी गुडघ्यावर ठेवायची आणि कुणी आलं की तीच पिशवी उचलून मटार-उसळीची तयारी चाललीय असं दाखवायचं. त्या हंगामात आमच्याकडे मटार-उसळ फार झाली.

बाद फेरीच्या आधी प्रत्येक संघाला एक नवा खेळाडू घेता यायचा. एकच. शेवटच्या साखळी सामन्यात विजेचा इशारा देणारा भोंगा वाजला, मैदान रिकामं करून सगळे छपराखाली आले, आणि आभाळ मोकळं व्हायची वाट बघताना हा विषय निघाला.

पोरांचं ठरलेलंच होतं. शेजारच्या ब्लॉकमध्ये एक मुलगी राहायची, शर्यतीत धावणारी, वाऱ्यासारखी पळायची. ती घ्यायची, माझ्या मुलीने चेंडू लांब फेकायचा, तिने झेलायचा आणि पळत सुटायचं. नवऱ्यालाही पटलं. झेलणारी चांगली मिळाली की गुण वाढतात, गुण वाढले की प्रश्नच मिटतो, असं तो बँकेत बोलतात तशा सुरात म्हणाला.

कोच म्हणाले, "मला लाइन सुधारायची आहे."

"पण आपण जिंकतोय ना?" मी म्हटलं.

"म्हणूनच," कोच म्हणाले. "हरणारा संघ आपलं दुखणं ओरडून सांगतो. जिंकणारा लपवतो. आपली भिंत तोकडी आहे आणि ही पोरगी आपल्या हाताने ती झाकतेय. तिच्याकडे बघा. चेंडू हातात आला की ती फेकून मोकळी होते. लांबचा माणूस मोकळा सुटेपर्यंत थांबतच नाही. आत्तापर्यंत भागलं. बाद फेरीत चांगले संघ येतील, ते तिची घाई ओळखतील. मग वाऱ्यासारखी पळणारी मुलगी आणून काय करू? तिच्यापर्यंत चेंडू जायला वेळ कोण देणार?"

सेम्बावांगच्या एका शिपयार्डात काम करणारा तरुण इंजिनियर त्यांनी हेरून ठेवला होता. दारात उभा राहिला तर दार दिसणार नाही असा.

"आणि कुणाच्या जागी?" नवऱ्याने आशेने विचारलं. रविवारची झोप त्याला समोर दिसत होती.

"मधल्या," कोच म्हणाले.

"मला काढा की. मी तर धड हलतही नाही."

"तुम्ही रुंद आहात," कोच गंभीरपणे म्हणाले. "तुम्हाला वळसा घालायला वेळ लागतो."

सगळे हसले, नवराही फुशारून हसला. मी नाही हसले. माझ्या नाकाचा शेंडा रागाने गरम झाला होता. कबड्डी कुणी आणली? साखळी कुणी शिकवली? आणि घाई कसली, मला तर उलट अभिमान होता की समोरचे माझ्यापर्यंत पोचतात न पोचतात तोच चेंडू डोक्यावरून गेलेला असतो. मी मुलीकडे पाहिलं, ती माझी बाजू घेईल म्हणून. ती बुटाची नाडी बांधत होती. बांधलेलीच नाडी.

"तुला काय वाटतं?" कोचनी तिला विचारलं. कप्तान तीच होती.

"आय डोन्ट नो," ती म्हणाली. "ट्राय करू या, कॅन?"

ट्राय करू या. त्या दिवशी प्राटा मी अर्धा टाकला आणि घरी वरणात मीठ घालायला विसरले. नवरा मुकाट्याने जेवला. तो भित्रा आहे असं नाही, त्याला वेळ ओळखता येते.

शनिवारी मैदानावर सरावाला तो शिपयार्डवाला आला. नम्र होता, हेच जास्त खटकलं. मला वाकून "हॅलो, आंटी" म्हणाला. कोचनी त्याला मध्ये उभं केलं आणि मला समोरच्या बाजूला पाठवलं. मी धावून यायचं, त्याने अडवायचं.

मी गेले. मुरलेली खेळाडू मी. एक हूल डावीकडे, मग उजवीकडून घुसायचं. कमरेकडे बघायला तो शिकलेला नव्हता, फसला, पण फसूनही त्याचं अंग एवढं की मी त्याच्या छातीवर जाऊन थांबले. ढकलते आहे, रेटते आहे, आणि समोर त्याच्या बनियनशिवाय काही दिसत नाही. आणि माझ्या लक्षात आलं की चेंडू अजून गेलाच नाही. मी दम घेतला, पुन्हा रेटलं. अजून नाही. त्याच्या मागून माझ्या मुलीचा आवाज आला, कुणाला तरी "गो, गो" म्हणणारा, आणि मग कुठे तो चेंडू डोक्यावरून गेला, उंच, लांब.

मग जागा बदलल्या. मी मध्ये वाकले, तिचे उलटे बूट पाहिले, चेंडू मागे दिला, सरळ झाले, आणि सूंऽ करून चेंडू गेलासुद्धा. पुन्हा तसंच. आणि पुन्हा. शिपयार्डवाला मध्ये असला की ती थांबायची. मी मध्ये असले की हातात निखारा आल्यासारखी फेकून द्यायची. कोचनी सांगायची गरजच नव्हती, मी काही आंधळी नव्हते.

परतताना एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, जागा मिळाली. नवरा बसल्याबसल्या डुलक्या घ्यायला लागला. मुलगी माझ्या शेजारी होती. कानात इअरफोन घालणार तेवढ्यात मी विचारलं, "तुझा माझ्यावर विश्वास नाही का गं?"

"व्हॉट?"

"मी मध्ये असले की तू एवढी घाई का करतेस? ते माझ्यातून आत येतील असं वाटतं तुला?"

"नो, लाह. तू नाही सोडत त्यांना आत." ती खिडकीकडे बघत होती. "दॅट्स द प्रॉब्लेम."

"म्हणजे?"

"म्हणजे ते तुझ्यावर येऊन आपटतात, आई. मी बॉल फेकला की ते थांबतात." मग एकदम रागावून म्हणाली, "दर मंडेला तू ओव्हरहेड ब्रिजवरून रेलिंग धरून, एकेक पायरी उतरतेस. यू थिंक आय डोन्ट सी? अँड हू ईट्स सो मच मटार-उसळ?"

खोलीचं दार बंद करून बसलेली ही मुलगी सोमवारी सकाळी खिडकीतून मला पूल उतरताना बघत होती. मी समजत होते की मी तिच्यापुढे उभी राहून तिला सांभाळते आहे. आणि ती माझ्या मागे उभी राहून, जिंकता जिंकता, घाईघाईने चेंडू फेकून मला सांभाळत होती. असा आनंद झाला मला, की त्यात रडूही आलं, आणि थोडी चिडलेही. माझी पोर माझी आई कधी झाली, मला न विचारता?

"मग सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"तुला किती आवडतं ते. हाउ टू टेल?" ती म्हणाली. मग तिने एक इअरफोन माझ्या कानात घातला. गाणं मला मुळीच आवडलं नाही. सेम्बावांग येईपर्यंत मी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी हॉकर सेंटरवर कोचनी हात वर करायला सांगितले. पळणारी मुलगी कुणाला हवी? पोरांचे हात भराभर वर गेले. लाइनचा माणूस कुणाला हवा? सगळ्यांत आधी मी हात वर केला.

"अगं, तुलाच काढताहेत," नवरा कुजबुजला.

"कळतंय मला."

शेजारणीने माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला. मग माझ्या मुलीने, टेबलाकडे बघत. मग एकेक करून पोरांचे हात फिरले. मी कोचना म्हटलं, माझी एक अट आहे. त्याला मी शिकवणार, आणि माझ्या भाषेत. त्याशिवाय तुमची भिंत तीन तुकड्यांत उभी राहील आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसेल. कोच म्हणाले, "मी तेच तुम्हाला विचारणार होतो, पण जरा भीती वाटत होती."

पुढचे दिवस मजेत गेले. शिपयार्डवाला कामावरून थेट यायचा आणि बार्बेक्यूच्या जागेजवळ मी त्याला नाचवायचे. कमरेकडे बघ. बोल, तोंडात मूग आहेत का? मूग म्हणजे काय, त्याने विचारलं. ते समजावण्यात एक संध्याकाळ गेली. "बाहेर"मधला "ह" त्याच्या घशात अडकायचा, "दाब" मात्र तो असा म्हणायचा की पूलमधली पोरं दचकायची. शेजारीण त्याचे उच्चार सुधारायची, जशी काही ती सदाशिव पेठेत जन्मली होती. त्याला सगळ्यांत जास्त उत्सुकता घोट्याच्या पकडीची. ती मी त्याला शिकवली नाही. गवतावर एकदा करून दाखवली, नवऱ्यावर.

उपांत्य सामन्याला मी रेघेच्या बाहेर उभी राहिले. हातात पाण्याच्या बाटल्या, गुडघ्याला शेजारणीने बांधलेली पट्टी, डोक्यावर टोपी. पहिले काही डाव मी भिंतीकडेच बघत होते. सवयच ती. नवऱ्याचं पाऊल उशिरा पडतंय, शेजारीण जास्त आत सरकतेय, असं पुटपुटत होते. शिपयार्डवाल्याचा आवाज घुमला, "आत! आत! दाब!" आणि तिघं मिळून असे सरकले की समोरचे दोघं एकमेकांवर आदळले. सिंगापूरच्या मैदानात, माझ्या जागी उभा राहून, एक परका माणूस माझ्या कॉलेजच्या मैदानातले शब्द ओरडत होता.

आणि मग मी भिंतीच्या मागे पाहिलं.

ती उभी होती. चेंडू हातात, आणि तिला कसलीही घाई नव्हती. एक पाऊल मागे गेली. डावीकडे पाहिलं, तिथे कुणी मोकळं नव्हतं. उजवीकडे पाहिलं. खालचा ओठ दातांत धरलेला, लहानपणी रंगाच्या खडूने रेघेच्या आत रंग भरताना धरायची तसा. पुढे एवढा धुमाकूळ चाललेला आणि तिच्या चेहऱ्यावर कसली ती शांतता. हाताने तिने कुणाला तरी, आणखी पुढे जा, अशी खूण केली. खांदा मागे गेला, सगळं अंग ताणलं गेलं, आणि चेंडू सुटला. तो कुठे पडला, कुणी झेलला हे मला लोकांच्या ओरडण्यावरून कळलं, कारण मी चेंडूकडे बघतच नव्हते.

तो सामना आम्ही जिंकलो. अंतिम सामन्यात आमच्याहून तरण्या, आमच्याहून चपळ लोकांनी आम्हाला हरवलं, आणि वाऱ्यासारखी पळणारी ती मुलगी घेतली असती तर काय झालं असतं यावर हॉकर सेंटरवर वाद झाला. तो वाद माझ्या घरात अजून चालू आहे. नवरा म्हणतो गुण हवेत, मी म्हणते वेळ हवा.

पण त्या उपांत्य सामन्यात, तो लांबचा चेंडू झेलला गेला आणि सगळी पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती, तेव्हा ती गर्दीतून बाहेर निघाली आणि धावत सरळ माझ्याकडे आली. घामाने केस कपाळाला चिकटलेले, धाप लागलेली.

"आई, तू बघितलंस?"

सबंध हंगाम मी मैदानावर तिच्या सगळ्यांत जवळ उभी होते. तिला खेळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"बघितलं," मी म्हटलं, आणि पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली.